मास्तरांच्या अंगठ्याचं माप

मास्तरांनी अंगठा मापायचं ठरवलं, तिथून सगळं बिघडलं. नुसता दुखत राहिला असता तर एवढं रामायण झालं नसतं. दुखणारे अंगठे जगात पुष्कळ आहेत. त्यांची कुणी नोंद ठेवत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंपी. तीस वर्षं एकच दुकान, एकच मशीन, तेही पायाने चालवायचं. विजेची मोटर बसवा म्हणणाऱ्याला ते विचारत, "का? तुझ्या पायांना काय झालंय?" दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तरांचा शब्द चाले, पलीकडे मास्तरीणबाईंचा. (पडदा फार जाड नव्हता.)

त्या शनिवारी पहाटे मास्तर ओरडतच उठले. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद झाला होता, टरारून फुगला होता आणि वर चकाकतही होता. पांघरुणाचा काठ लागला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत.

"काय चावलं?" बाईंनी विचारलं.

"काही चावलं नाही. तू पांघरूण ओढलंस."

"पांघरूण ओढल्यानं अंगठा सुजतो?"

"तू ओढलंस तर सुजतो."

एरवी मास्तर आठवडाभर पाय वर करून पडून राहिले असते. पण कपाटात आगीच्या बंबवाल्यांच्या बँडचं कापड पडलं होतं. नऊ कोट. नवा बंब येणार होता, त्याच्या स्वागताला परेड होती, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला. मापं घेऊन झाली होती. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतं. (कापड भिजवल्याशिवाय मास्तर कात्री लावत नसत. नवं कापड आणि नवा माणूस पाणी लागल्याशिवाय खरं माप दाखवत नाही, असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत.)

बंबवाल्यांचे साहेब माप द्यायला आले तेव्हा स्पष्ट बोलले होते. "मास्तर, तुमचा मान ठेवून हे काम दिलंय. वरून हुकूम आहे, रेडिमेड घ्या. शनिवारी दहाला कोट अंगावर नसले तर माझा इलाज नाही. आणि एकदा रेडिमेड शिरलं, की शिंपी गेला."

"तीस वर्षांत माझी तारीख चुकलेली नाही," मास्तर म्हणाले होते.

हे खरं होतं. पण त्या तीस वर्षांत मशीनचं पायडल दाबायला अंगठा होता.

*

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिचा शाळेचा फ्रॉक मास्तरांनी शिवला होता, आणि आता अंगात होता तो पांढरा कोटही. त्यामुळे तिच्यापुढे पाय करणं त्यांना जड गेलं.

तिनं अंगठ्याकडे नुसतं पाहिलं. हात लावला नाही. मास्तरांना ती तेवढ्यानंच हुशार वाटली.

"काका, हा गाऊट. रक्तात युरिक ॲसिड वाढतं. मग त्याचे कण सांध्यात साचतात. बारीक, सुयांसारखे."

"माझ्या दुकानातली एकही सुई हरवलेली नाही."

"कलेजी खाता?"

"रविवारी."

"मंगळवारी आणि गुरुवारीही," सोबत आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

"गोड कोल्ड्रिंक?"

"एखादी बाटली."

"सकाळी एक, दुपारी दोन, आणि गिऱ्हाइक आलं की त्याच्या नावानं एक."

मास्तर बायकोकडे वळले. "तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"अंगठ्याच्या."

डॉक्टरीणबाईनं दोन गोष्टी सांगितल्या. ही गोळी सुजेसाठी, पाच दिवस, बरं वाटलं तरी मध्ये थांबायचं नाही. सूज उतरली की रक्त तपासू आणि दुसरी गोळी सुरू करू, ती रोजची, बरीच वर्षं. शिवाय कलेजी बंद, कोल्ड्रिंक बंद, पाणी भरपूर, पाय उंच, वाटल्यास बर्फाचा शेक.

"बरीच वर्षं?" मास्तर म्हणाले. "एका अंगठ्यासाठी?"

"दुसराही आहे की काका."

मास्तर घरी आले आणि त्यांनी गोळ्यांचं पाकीट खडूच्या डब्यात टाकलं. गोळी घेतली की दुखणं मान्य केल्यासारखं होतं. त्यांनी अजून ते मान्य केलं नव्हतं.

*

तासाभरात मेहुणा हजर झाला. बाईंचा धाकटा भाऊ. हा रिटायर झालेला पोस्टमन. पस्तीस वर्षं त्यानं दारोदार पत्रं वाटली आणि दारोदारचे औषधोपचार गोळा केले. कुठल्या दुखण्यावर कुठल्या घरात काय करतात ते त्याला घर नंबरासकट पाठ होतं.

"भाऊजी, गोळ्या घेऊ नका. तेहतीस नंबरवाल्यानं घेतल्या होत्या."

"मग?"

"मग काय, गेला."

"गोळ्यांनी?"

"नाही, बसखाली. पण गोळ्या चालू होत्या."

त्यानं येताना टब आणला होता. कडकडीत पाणी, त्यात दोन मुठी मीठ आणि अर्धी बाटली व्हिनेगर. त्यात पाय अर्धा तास. मग अंगठ्याला कोबीचं पान, वरून फडकं. आणि पथ्य. पथ्याची यादी त्यानं जुन्या मनिऑर्डरच्या फॉर्मच्या मागे लिहून आणली होती. टोमॅटो नको. पालक नको. फ्लॉवर नको, वाटाणा नको, दही नको, लिंबू नको. आंबट नको, तळलेलं नको, पांढरं नको.

"पांढऱ्यानं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"ते विचारलं नाही मी. बावीस नंबरमध्ये सांगितलं."

"मग यांनी खायचं काय?"

पोस्टमननं यादी उलटून पालटून पाहिली. "उकडलेला भोपळा," तो म्हणाला. "थोडा."

बाईंनी कंबरेवर हात ठेवले. "अरे, डॉक्टरनं बर्फ सांगितलाय आणि तू कढत पाणी घेऊन आलास! तिनं कलेजी सोडायला सांगितली, तू सगळी भाजी मंडई बंद केलीस!"

"ताई, डॉक्टर काल शिकली. हे उपाय शंभर वर्षांचे आहेत."

"म्हणूनच ते बदलायला झालेत."

मास्तर नुसतं ऐकत होते. त्यांचा दोघांवरही विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास एकाच वस्तूवर होता. ती त्यांच्या गळ्यात लोंबत होती. साठ इंची सुती टेप, गेल्याच महिन्यात घेतलेला, कोराकरकरीत. प्लॅस्टिकचा टेप ताणतो म्हणून मास्तर सुतीच वापरत, आणि लाकडी पट्टी नवशिक्यांसाठी असते असं मानत.

"बास," ते म्हणाले. "भांडू नका. दोन दिवस याचा टब. मग दोन दिवस तिची गोळी. रोज सकाळी आठला मी अंगठा मापणार. ज्यानं अंगठा उतरेल ते खरं. टेप सांगेल."

इथे बाईंनी टेप हिसकावून घ्यायला हवा होता. त्यांनी नुसता कपाळावर हात मारला.

*

मास्तरांचं माप म्हणजे शिस्तीचं. मापायचा तो टबात. अंगठा पाण्याबाहेर काढला की कळ येई, म्हणून पाण्यातच टेप गुंडाळायचा. पहिल्या दिवशी भरला सव्वाचार इंच. मास्तरांनी चिठ्ठीवर तारीख लिहिली, पाणी गरम लिहिलं, सव्वाचार लिहिलं आणि चिठ्ठी टाचणीनं भिंतीला टोचली. मग ओल्या टेपावर कडक इस्त्री फिरवली आणि तो गळ्यात अडकवला. (माणूस नीटनेटका असावा, पण किती?)

रविवारी अंगठा भरला सव्वाचार आणि एक सूत. शिंप्याच्या हिशेबात इंचाला आठ सूत. एक सूत ही मास्तरांच्या दृष्टीनं थट्टा नव्हती.

"वाढला!"

"आधी वर येतं, मग जातं," पोस्टमन म्हणाला. "चौदा नंबरमध्ये तसंच झालं होतं."

"चौदा नंबरवाला बरा झाला?"

"ते बदली होऊन गेले."

सोमवारी टब हरला आणि गोळीची पाळी आली. बाईंनी खडूच्या डब्यातलं पाकीट काढलं, झटकलं, आणि मास्तरांनी पाणी पिऊन घोट गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तोंड उघडून दाखवायला लावलं. गोळीबरोबर मास्तरांनी आयुष्यातला पहिला खडूही त्याच दिवशी चाखला असावा.

पण टब गेला नाही. माप सारख्याच परिस्थितीत घ्यावं लागतं, असं मास्तर म्हणाले. तेच पाणी, तेच मीठ, तीच वेळ. एक दिवस गरम पाण्यात मापायचं आणि दुसऱ्या दिवशी कोरडं मापायचं, हा गिऱ्हाइकाला एकदा कोटावर आणि एकदा बनियनवर मापण्यासारखा अडाणीपणा. म्हणून रोज सकाळी टब, टबात पाय, पायाला टेप, टेपाला इस्त्री.

मधल्या वेळात, पाय स्टुलावर ठेवून, मास्तरांनी त्याच टेपानं खडूच्या रेघा मारल्या आणि नऊही कोट बेतून कापले.

मंगळवारी सकाळी एक विचित्र गोष्ट घडली. मास्तर उठले आणि चालत मोरीपर्यंत गेले. परत आले. पांघरूण अंगठ्यावर पडलं तरी त्यांना कळलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काय, उतरलं की नाही?"

"टेप सांगेल."

टेपानं सांगितलं: साडेचार. आणखी एक सूत वर.

मास्तरांनी दोनदा मापलं. मग पाकीट उचलून पुन्हा खडूच्या डब्यात टाकलं.

"अहो, हे काय करताय?"

"गोळीनं वाढतोय."

"पण तुम्ही चालत गेलात आत्ता! दुखतंय कुठे?"

"दुखत नाही."

"मग?"

"पाय खोटं बोलतो," मास्तर म्हणाले. "टेप खोटं बोलत नाही."

बुधवारी दुपारी अंगठ्यानं त्याचा सूड घेतला. शनिवारी जसा होता तसाच तो परत आला. मास्तर मशीनवर बसले, पायडलवर पाय ठेवला आणि असे किंचाळले की समोरच्या दुकानातला घड्याळजी भिंग डोळ्याला तसंच ठेवून बाहेर आला.

बाई म्हणाल्या, "सरका. मी चालवते मशीन."

"कोटाला हात लावायचा नाही. तू काज-बटणाचं बघ."

"काज कशाला करू? शिवलेला कोटच नाही."

मास्तर हातानं कच्चे टाके घालत राहिले. हाताला गाऊट नव्हता. पण कच्च्या टाक्यांचे कोट घालून परेड होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शनिवार तीन दिवसांवर आला होता.

*

गुरुवारी दुपारी बंबसाहेब ट्रायलला आले. सोबत ढोलवाला होता. दोघंही उंच आणि अंगानं सडसडीत, रोज शिड्या चढणारे.

मास्तरांनी साहेबांच्या अंगात कच्चा कोट चढवला. बाह्यांमध्ये हात कसेबसे गेले. पाठ ताणली. मास्तरांनी पुढच्या दोन्ही बाजू धरून ओढल्या. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. मध्ये चांगलं दोन इंचांचं अंतर राहिलं.

"श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

"सोडलाय."

"आणखी सोडा."

"मास्तर, आणखी सोडला तर मला उचलून न्यावं लागेल."

मास्तर दोन पावलं मागे झाले. (एका पायावर.) त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, तुम्ही सुटलात."

"मी?"

"दोन आठवड्यांत दोन इंच. गावात आग लागत नाही, बसून बसून होतं असं."

"काय बोलताय! रोज पहाटे पाच किलोमीटर धावतो मी!"

"वहीत चाळीस छाती आहे. आता बघा." मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि साहेबांच्या छातीभोवती गुंडाळला. "साडेबेचाळीस! घ्या. स्वतः वाचा."

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ढोलवाल्याकडे पाहिलं. "मी खरंच जाड दिसतो?"

"नाही साहेब," ढोलवाला म्हणाला. मग त्याचा कोट चढवला. तोही मिटला नाही. तोही मापला. तोही अडीच इंच वाढलेला निघाला.

"सगळं खातंच सुटलंय," मास्तर म्हणाले.

पोस्टमन कोपऱ्यात भोपळ्याचं भांडं घेऊन बसला होता. त्यानं लगेच खिशातून मनिऑर्डरचा फॉर्म काढला. "साहेब, पांढरं खाणं बंद करा. बावीस नंबरमध्ये..."

साहेब वाचू लागले. शनिवारपर्यंत दोन इंच उतरवायचे तर काय काय सोडावं लागेल, याचा ते खरोखरच विचार करत होते. तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

"अहो, सगळ्या गावाचं अंग वाढलं आणि तुमचा अंगठाही वाढला. कधीपासून?"

"तू यात पडू नकोस. टेप खोटं बोलत नाही."

"असं? मग माझी कंबर मापा."

बंबसाहेब जळत्या गोदामात शिरलेले गृहस्थ होते, पण तेही एक पाऊल मागे सरकले. शहाणा नवरा इथे टेप खाली पडला असं म्हणाला असता. पण शिंप्याला माप घे म्हटल्यावर त्याचा हात थांबत नाही. मास्तरांनी कंबर मापली.

"चौतीस," ते म्हणाले. आणि तिथे न थांबता पुढे म्हणाले, "दोन इंच वाढलीस."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मास्तरांच्या हातातून टेप घेतला आणि कापायच्या टेबलाकडे गेल्या. ते टेबल सुतारानं बरोबर पाच फुटांचं केलं होतं, टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरावा म्हणून. बाईंनी टेपाचं एक टोक टेबलाच्या कडेला धरलं आणि दुसरं ओढत नेलं.

टेप संपला. टेबल संपलं नाही. साडेतीन इंच लाकूड उघडं राहिलं.

पोस्टमननं वाकून पाहिलं. "टेबल वाढलंय," तो म्हणाला. "दमट हवेत लाकूड फुगतं, भाऊजी."

"तू भोपळा खा," बाई म्हणाल्या. मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगताय, नवं कापड भिजवून आणा, आटतं. या कोटांचं कापड स्वतः भिजवलंत. आणि हा टेप? कोरा सुती टेप रोज मिठाच्या कढत पाण्यात बुडवलात आणि वरून इस्त्री मारलीत! तो कशाचा आहे, पत्र्याचा?"

मास्तरांनी टेप हातात घेतला. उलटा करून पाहिला. सुलटा करून पाहिला.

मग भिंतीवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या. सव्वाचार. एक सूत. आणखी एक सूत. गोळीनं सूज उतरत होती. टेप तिच्यापेक्षा जोरात आटत होता. आणि आटलेल्या टेपाच्या सांगण्यावरून त्यांनी चांगली लागू पडलेली गोळी बंद केली होती, नऊ कोट तोकडे कापले होते, दोन सरकारी माणसांना लठ्ठ ठरवलं होतं आणि बायकोच्या कंबरेला... त्यावर त्यांनी विचार करायचं टाळलं.

"म्हणजे मी सुटलो नाही?" बंबसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग ठीक." साहेबांचा श्वास परत आला, आणि श्वासाबरोबर साहेबपणही. "पण कोटांचं काय? उद्या संध्याकाळी सहाला येतो. पाच कोट तयार दिसले तर काम तुमचं, उरलेले शनिवारी सकाळी. नाहीतर तिथूनच रेडिमेडवाल्याला फोन करतो. मला नऊ माणसं उघडी उभी करता येणार नाहीत."

*

ते गेल्यावर मास्तर खुर्चीत बसले. म्हणाले, "संपलं."

"काय संपलं?" बाई म्हणाल्या. "शिवणीत मार्जिन किती ठेवता तुम्ही?"

मास्तरांनी मान वर केली.

मास्तर मार्जिन सोडत ते इतर शिंप्यांसारखं अर्धा बोट नव्हे. बाजूच्या शिवणीत इंच-इंच, पाठीत इंच, खाली दुमडीत दोन इंच. लोक हसत. मास्तर कापड खातात म्हणत. मास्तर म्हणत, माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही. कोटानं वाट बघायला शिकलं पाहिजे. आज त्या शब्दांची किंमत वसूल होणार होती. कोट तोकडे नव्हते. त्यांच्या पोटात कापड शिल्लक होतं. फक्त उसवून, सोडून, पुन्हा शिवायचं होतं.

"पण पायडल?"

बाईंनी पडदा वर उचलून खिळ्याला गाठ मारून टाकला. तीस वर्षांत पहिल्यांदा दुकान आणि घर एक झालं. मग त्यांनी स्टूल मशीनच्या पलीकडे, मास्तरांच्या समोर ठेवलं, त्यावर बसल्या आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

"हात तुमचे. पाय माझे. कोटाला मी हात लावत नाही."

मास्तर काहीतरी बोलणार होते. बाई म्हणाल्या, "चौतीस कंबर आहे. जोर पुष्कळ आहे."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला.

पोस्टमनला कात्री देऊन उसवायला बसवलं. आधी त्याला डॉक्टरीणबाईकडे पिटाळलं होतं. ती दवाखाना बंद करून स्वतःच आली. भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, टेप पाहिला, आणि खुर्चीवर बसून तोंडावर रुमाल धरून हसली.

"काका, गोळी तुम्ही घेतलीत की टेपाला दिलीत?"

"हसून झालं असेल तर सांग काय करायचं."

"तीच गोळी परत. आत्तापासून, पूर्ण पाच दिवस. दुखायचं थांबलं तरी. पाय टबात नाही, उशीवर. बर्फ लावा." तिनं मनिऑर्डरचा फॉर्म हातात घेतला, वाचला आणि कोबी, पालक, टोमॅटोवर आडव्या रेघा मारल्या. खाली लिहिलं: पाणी भरपूर. "मामा, तुमच्या यादीत हे राहिलं होतं."

"ते सगळ्यांनाच माहीत असतं," पोस्टमन म्हणाला. पण त्यानं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. आता त्याच्यावर डॉक्टरचं अक्षर होतं.

मग मशीन सुरू झालं. पहिला अर्धा तास भांडणात गेला. मास्तर थांब म्हणत तेव्हा बाई सुटत, चल म्हणत तेव्हा थांबत. एकदा सुई तुटली. एकदा बाही गळ्याला शिवली गेली. पण तीस वर्षं एका घरात काढलेली माणसं. थोड्या वेळानं बोलायची गरजच उरली नाही. मास्तरांनी बोटानं कापड जरा दाबलं की बाईंचे पाय हळू होत. त्यांनी मान हलवली की मशीन धावू लागे. घड्याळजी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मोटर बसवलीत वाटतं?"

"बसवली," बाई म्हणाल्या. "पण बिल यायचंय."

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी सवयीनं गळ्यात हात घातला. टेप तिथे नव्हता; बाईंनी त्याला भिंतीवर चिठ्ठ्यांशेजारी टाचून ठेवलं होतं. आता घड्याळजीकडून आणलेल्या पोलादी पट्टीनं काम चाललं होतं. मास्तरांनी अंगठ्याकडे नुसतं पाहिलं. लाली ओसरली होती. त्यांनी पाय जमिनीवर टेकवला. कळ आली, पण ओळखीची, सभ्य. दुपारपर्यंत ती पायडल सोसू शकेल एवढी सभ्य झाली.

"सरक," मास्तर म्हणाले. "मी घेतो."

"थोडा वेळ."

"बराच वेळ. तू काजांना लाग."

सहाच्या ठोक्याला बंबसाहेब दारात आले. हातात फोन तयारच होता. दांडीवर सहा कोट लटकले होते, लाल, पितळी बटणांचे, इस्त्री केलेले. साहेबांनी आपला उचलला, अंगात घातला, बटणं लावली. वरपासून खालपर्यंत. दोन्ही हात वर केले, वाकले, शिडी चढल्यासारखं केलं. कुठेही ताणलं नाही, कुठेही लोंबलं नाही. त्यांनी फोन खिशात टाकला.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढल्या वर्षी पावसाळी कोटही तुमच्याकडेच."

मास्तरांनी मान हलवली. पण साहेबांची पाठ वळल्यावर त्यांनी दांडीवरच्या सहाही कोटांवरून एकेकदा हात फिरवला.

शनिवारी साडेनऊला नववा कोट ढोलवाल्याच्या अंगात चढला. तारीख चुकली नव्हती. मास्तर स्वतः चालत परेडला गेले. चप्पल पुढून कापून अंगठ्याला जागा केली होती, पण चाल सरळ होती. बाई बाजूला, पोस्टमन मागे. वाटेत टपरीवाल्यानं बाटली पुढे केली, तेव्हा मास्तर म्हणाले, "पाणी दे." पोस्टमननं हे तिघांना सांगितलं.

खुर्च्या मांडल्या होत्या. नवा बंब आला, लाल, चकचकीत. पण मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. बंबापुढे बँड येत होता. नऊ पाठी एका रेषेत, नऊ कॉलर एका उंचीच्या. वळणावर सगळे एकदम वळले आणि एकही शिवण हू की चू म्हणाली नाही. उन्हात बटणं चमकत होती. मास्तरांची छाती त्या दिवशी खरोखर दोन इंच वाढली असेल. मापायला कुणी नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत एक आजीबाई बसल्या होत्या. त्या भारावून गेल्या होत्या.

"काय बाई कोट बसलेत एकेकाला!" त्या मास्तरांना म्हणाल्या. "मी घरी कधीची सांगते, शिंप्यांच्या नादी लागू नका, असं चांगलं रेडिमेड घ्या."

मास्तर ताठ झाले. "आजी, ते रेडिमेड नाहीत. मी शिवलेत."

आजीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्यावरच्या खडूकडे पाहिलं, कापलेल्या चपलेकडे पाहिलं, चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग फार मायेनं त्यांचा हात थोपटला.

"हो हो. तुम्हीच शिवलेत." आणि मास्तरांच्या डोक्यावरून वाकून बाईंना हळूच म्हणाल्या, "आमचे सासरेही शेवटी शेवटी असंच म्हणायचे. नदीवरचा पूल मीच बांधला म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचे. गोळ्या वेळेवर देता ना यांना?"

"देते हो," बाई म्हणाल्या. "पण घेतच नव्हते."